झीजांक आणि एक स्टूल

आमच्या संग्रहालयातल्या खुर्च्यांच्या दालनात बसण्यास सक्त मनाई आहे. ही पाटी लावली तेव्हा दोघेचौघे हसले होते, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. दालनात राजाची खुर्ची आहे, न्यायाधीशाची आहे, एका नाटकमंडळीची आहे, एका दंतवैद्याचीही आहे. खुर्ची एकदा ऐतिहासिक झाली की तिच्यावर बसणं हा इतिहासाचा अवमान ठरतो. असा अवमान होऊ नये म्हणून एक रखवालदार बाई तिथे दिवसभर उभ्या असत. त्यांना सगळे खुर्चीमावशी म्हणत.

मी या संग्रहालयाचा आस्थापना अधीक्षक. कोणाला काय मिळू नये हे पाहणं माझं काम, आणि ते मी डोळ्यांत तेल घालून करत आलो आहे.

मावशींची मागणी एकच होती. त्यांना स्टूल हवं होतं. पाठ नसलेलं, हात नसलेलं, साधं लाकडी स्टूल, तेही दाराआड, कोणाला दिसणार नाही असं. गुडघे झिजलेत, उभं राहवत नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी त्या फार बोलत नसत, पण दालन इतकं शांत असायचं की त्या या टोकाहून त्या टोकाला गेल्या की गुडघ्यांची करकर साऱ्या दालनाला ऐकू जायची. एका प्रेक्षकाने तर राजाची खुर्ची करकरते अशी तक्रार केली. तक्रार गंभीर होती. सुतारदादांना बोलावून सगळ्या खुर्च्यांचे पाय तपासून घेतले. राजाची खुर्ची ठणठणीत निघाली, पण दंतवैद्याच्या खुर्चीचा मागचा पाय जरा कमजोर होता. त्याखाली लाकडी ठोकळा दिला, वर लोकरीचा तुकडा घातला आणि या पायावर भार देऊ नये अशी पाटी लावली. तपासणीभर मावशी तिथेच उभ्या होत्या. करकर काही थांबली नाही.

"स्टुलाचं काय झालं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"विचाराधीन आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आज स्टूल दिलं तर उद्या पाठ मागतील, परवा हात मागतील, आणि मग ती खुर्चीच होईल.

दालनाबाहेर गादीचा एक छान बाक आहे, पण तो प्रेक्षकांसाठी. कर्मचाऱ्यांनी त्यावर बसायचं नाही. तरी मी माणुसकीने सुचवलं की सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून या, मग तुम्हीही प्रेक्षक, खुशाल बसा. मावशींनी खरोखर तसं केलं. साप्ताहिक सुट्टीला तिकीट काढून आल्या आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. दालनाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. इतका निरुत्साही प्रेक्षक मी आजवर पाहिलेला नाही.

पूर्वी अशा मागण्यांची पद्धत फार ढिसाळ होती. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर गुडघा दाबायचे, माणूस "आई गं" म्हणायचा आणि डॉक्टर लिहायचे, दुखतो. एवढ्याशा पुराव्यावर संस्थेचं लाकूड खर्ची पडायचं. आमचे संचालक मात्र आधुनिक विचारांचे. ते एका परिषदेहून आले ते नवीन कल्पना घेऊनच.

"माणसाचं तोंड खोटं बोलतं," ते बैठकीत म्हणाले. "पाय लंगडायचं सोंग आणतो. रक्ताला सोंग येत नाही. यापुढे आपण रक्ताला विचारायचं."

शास्त्र सोपं आहे. सांध्यात हाडांची टोकं एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजू लागला की त्याचे बारीक अंश रक्तात उतरतात आणि ते मोजता येतात. या मोजमापाला आम्ही रक्तस्थ कूर्चाक्षय निर्देशांक असं नाव दिलं. बोलताना जीभ अडखळू लागली, तेव्हा त्याचं झीजांक केलं. ठराव असा झाला की संस्थेत ज्याचा झीजांक सर्वाधिक, त्याला स्टूल. दुखतं की नाही हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा नाही, म्हणजे पक्षपाताचा संशय नको.

रक्त तपासायला प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, पण सारख्या शंका काढणाऱ्या. म्हणाल्या, "हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे हो. हजारो माणसांचं रक्त एकत्र पाहिलं तर काही अंदाज बांधता येतो. एका माणसाला किती दुखतंय ते यावरून नाही सांगता यायचं."

"आमच्याकडे स्टूल एकच आहे," संचालक म्हणाले, "त्यामुळे हजारो माणसांचा प्रश्न उद्भवत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

सगळ्यांचं रक्त घेतलं. मावशींनी बाही वर करताना डॉक्टरीणबाईंना विचारलं, "गुडघ्यातून नाही घेत का? दुखतं तिथे." बाई म्हणाल्या, दंडातून घेतलेलं चालतं. मावशींना ते पटलं नाही, पण स्टूल मिळणार म्हणून त्या गप्प बसल्या. म्हणजे गप्प उभ्या राहिल्या.

निकाल लागला. सर्वाधिक झीजांक निघाला संचालकांचा. ते त्या दिवसांत शर्यतीत भाग घेण्यासाठी रोज पहाटे धावत होते आणि कचेरीत एकेक पायरी सोडून जिना चढत होते. सर्वांत कमी झीजांक, जवळपास नाहीच म्हणावा असा, खुर्चीमावशींचा.

संचालकांचा चेहरा उतरला. मी विचारलं, "सर, दुखतंय का?"

"काहीच दुखत नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हेच तर भयंकर आहे. आतल्या आत चाललंय."

त्या दिवसापासून ते भिंत धरून चालू लागले. स्टूल नियमाप्रमाणे त्यांच्या खोलीत गेलं. त्यांच्याकडे फिरती खुर्ची आधीच होती, म्हणून ते खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवू लागले. त्यांनी धावणं सोडलं, जिना सोडला, पुढे उभं राहणंही सोडलं. मला त्यांची खरोखर काळजी वाटायची. इतक्या मोठ्या आकड्याचा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

मावशी माझ्याकडे आल्या. टेबलाचा काठ धरून उभ्या राहिल्या. समोर खुर्ची होती, पण ती अभ्यागतांची.

"साहेब, माझे गुडघे दुखतात."

"अहवाल पाहता ते दुखत नाहीत."

"मग जे दुखतं ते काय आहे?"

"ते आमच्या कक्षेत येत नाही. मावशी, खरं तर तुमचं अभिनंदन करायला हवं. सगळ्या संस्थेत तुमच्याइतके चांगले गुडघे कोणाचे नाहीत."

मावशींनी खाली वाकून आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. वाकताना पुन्हा करकर झाली. मी ती ऐकली, पण ऐकीव गोष्टींवर निर्णय घ्यायचे नाहीत असंच ठरलं होतं.

चांगल्या गुडघ्यांचा संस्थेला उपयोग व्हायला हवा, हे ओघानंच आलं. वरच्या मजल्यावर पलंगांचं दालन आहे. तिथला रखवालदार पोरसवदा, चेंडू खेळणारा, त्याचा झीजांक चांगलाच वर होता. त्याला बसून तिकिटं फाडायचं काम दिलं आणि पलंगांचं दालनही मावशींकडे सोपवलं. खाली खुर्च्या, वर पलंग, मध्ये जिना. एकाच व्यक्तीला बसण्याची आणि झोपण्याची अशी दोन्ही खाती सांभाळायला मिळणं हा मान आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. काही माणसांना मान पचत नाही.

मग व्हायचं तेच झालं. धावपळ केली की झीजांक वर जातो, ही बातमी फुटली. बसून करायची आणखी कामं वाटण्यासाठी फेरतपासणी ठरली होती, त्या दिवशी सगळी कचेरी पटांगणात पळत होती. हिशेबनीस दोरीवरच्या उड्या मारत होते. ग्रंथपालबाई पुस्तकांचे गठ्ठे घेऊन जिना चढत होत्या आणि उतरत होत्या. जो सर्वांत जोरात धावेल त्याला चालता येत नसल्याचा दाखला, असा सरळ व्यवहार होता. मला त्यात काही गैर दिसलं नाही. निदान लोक व्यायाम तरी करत होते.

मावशींनाही कोणीतरी सांगितलं. त्या कठडा धरून जिना चढल्या. मध्येच थांबल्या, डोळे मिटून घेतले, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. खाली आल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. त्याच अवस्थेत रक्त दिलं. झीजांक तरीही सगळ्यांत कमीच. संचालकांनी त्यांचं नाव घेऊन सांगितलं की अशी जिद्द असावी, असे सांधे असावेत. टाळ्या झाल्या. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांना टाळ्या वाजवायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशींचे यजमान आले. ते घड्याळजी. आयुष्यभर बसून काम केलेलं, त्यामुळे चाल अगदी ताठ. आल्या आल्या म्हणाले, "तुमच्या त्या यंत्रात काहीतरी बिघाड आहे."

"रक्ताच्या बाबतीत बिघाड संभवत नाही," मी म्हणालो.

"अहो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिला घर गाठता येत नाही म्हणून शेजाऱ्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची आणून ठेवलीय. आंधळ्यालाही कळेल तिला काय होतंय ते."

"खुर्च्या कोणत्या नियमाखाली ठेवल्या?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "नियम कसला? ती थांबलेली दिसली, ठेवल्या."

मी समजावलं की असा कारभार फार काळ टिकत नाही. त्यांनी ते कानाआड केलं आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी मावशींच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढला आणि तो घेऊन थेट संचालकांपुढे उभ्या राहिल्या. मीही होतो. घड्याळजी होते. मावशी दाराशी होत्या.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "इथे दोन हाडांत फट दिसायला हवी. नाहीये. हाडावर हाड घासतंय. कूर्चा संपलीय यांची."

"पण झीजांक?" संचालक म्हणाले.

"झिजायला काही उरलंय का? जे नाहीच, त्याचे अंश रक्तात कुठून येणार? म्हणून तर आकडा कमी आहे. तुमचा आकडा जास्त, कारण तुमच्याकडे भरपूर आहे."

संचालकांनी स्टुलावरचा पाय काढला. मला वाटलं, आता हे स्टूल दारापर्यंत जाणार. घड्याळजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उचलायला पुढे झाले. पण संचालकांनी पायाची फक्त अदलाबदल केली. डावा ठेवला.

"म्हणजे यांची झीज थांबली," ते सावकाश म्हणाले.

"थांबली नाही, संपली."

"परिणाम एकच. बाई, स्टूल कशासाठी असतं? पुढची झीज टळावी म्हणून. यांची पुढची झीज होणं शक्य आहे का?"

"नाही, पण..."

"मग यांना स्टूल देणं म्हणजे स्टूल वाया घालवणं. ज्याच्याकडे वाचवण्यासारखं काही आहे त्याला वाचवायचं, हेच तर प्रशासन."

तर्क बिनतोड होता. मी मनातल्या मनात मान डोलावली. नंतर लक्षात आलं की ती खरोखरच डोलत होती.

दाराशी उभ्या मावशी म्हणाल्या, "मग वाचवण्यासारखं होतं तेव्हा का नाही दिलं?"

"तेव्हा मोजायची सोय नव्हती," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाकिटात घातला. घड्याळजींनी बायकोचा दंड धरला आणि दोघं जिन्याकडे गेली. करकर बराच वेळ ऐकू येत होती.

पुढे संचालकांची बढती होऊन ते दुसरीकडे गेले. इतके दिवस बसून राहिल्यामुळे त्यांचे गुडघे आता खरेच आखडले होते, त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. निरोपाच्या भाषणात त्यांनी ते स्टूल संग्रहालयाला अर्पण केलं. संग्रहालयाचंच होतं, पण अर्पण केल्यामुळे ते ऐतिहासिक झालं. खुर्च्यांच्या दालनात, राजा आणि दंतवैद्य यांच्या मध्ये, मखमली दोरी लावून ते मांडलं. पाटीवर लिहिलं, रक्ताच्या निकषावर मंजूर झालेलं पहिलं आसन. स्पर्श करू नये. त्याच्या रखवालीची जबाबदारी अर्थातच खुर्चीमावशींवर आली.

पहिले काही दिवस मावशी त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत. मी ते मुद्दाम पाहून आलो. रखवालदाराने वस्तूकडे तोंड करून उभं राहावं असा संकेत आहे, पण मी कानाडोळा केला. मीही माणूसच आहे.

मग एका रविवारी एका प्रेक्षकाची तक्रार आली. दालनातली रखवालदार बाई दोरी ओलांडून चक्क प्रदर्शनातल्या स्टुलावर बसली आहे. मी धावत गेलो. मावशी बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले, चेहरा इतका निवांत की मला क्षणभर त्या ओळखूच आल्या नाहीत.

चौकशी मीच केली.

"मावशी, तुम्ही प्रदर्शित वस्तूवर बसलात?"

"बसले."

"तुमचा झीजांक काय आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. साहेब, ते स्टूल मीच मागितलं होतं. विसरलात का?"

मी विसरलो नव्हतो. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर माणसाच्या हातून चुका होतात, म्हणून मी घाईने निर्णय लिहून टाकला. पूर्णतः निरोगी गुडघे असूनही बसण्याची प्रवृत्ती आढळल्याने सेवेतून मुक्त.

आदेश हातोहात द्यायचा असतो, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. पहिल्या वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. दुसऱ्यावर कोणाच्या तरी कचेरीतून बाद झालेली, एक हात तुटलेली. वरच्या वळणावर घड्याळजींची कामाची बैठी खुर्ची, उशी बांधलेली. मला कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. एक शेजारीण केराचा डबा घेऊन खाली उतरताना म्हणाली, "दमलात का? बसा की घटकाभर." हा शुद्ध बेशिस्तपणा होता. मी सगळ्या खुर्च्यांवर बसून गेलो.

दार मावशींनी उघडलं. हातातला आदेश पाहून सगळं समजल्या. तरी आधी म्हणाल्या, "आत या, बसा. तीन मजले चढून आलात, गुडघे दुखले असतील." माझा झीजांक किती हे त्यांनी विचारलं नाही. मी सही घेतली आणि पाणी न पिताच उतरलो. उतरताना वळणावर बसायला मात्र जरा अवघड वाटलं, म्हणून फक्त एकदाच बसलो.

आता तो तक्रार करणारा प्रेक्षक कोण, हे सांगायला हरकत नसावी. तुम्हीच. विसरला असाल. त्या रविवारी दालन बघून तुमचे पाय दुखायला लागले होते, आणि बसायला कुठे आहे असं तुम्ही मावशींनाच विचारलं होतं. त्यांनी तुम्हाला बाकापर्यंत चालत नेलं. करकर तुम्हालाही ऐकू आली, कारण तुम्ही राजाच्या खुर्चीकडे वळून पाहिलंत. मग तुम्ही बाकावर पाय पसरून बसलात आणि म्हणालात, "तुम्हाला बरं आहे बाई, सवय आहे उभं राहायची." मावशी हसल्या होत्या. जाता जाता उघड्या दारातून तुम्हाला त्या स्टुलावर दिसल्या आणि तुम्ही तडक माझ्याकडे आलात. जागरूक नागरिक म्हणून तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

पुन्हा अवश्य या. बाक तिथेच आहे, गादी नवी घातली आहे. फक्त आता त्यालाही झीजांक लागू केला आहे, तेव्हा येताना रक्ताचा अहवाल आणा. गुडघे खरंच दुखतात असं तुम्ही आम्हाला कळवळून सांगाल, आणि आम्ही ते शांतपणे ऐकून घेऊ. झीजांक न विचारता बसा म्हणणारी इथे एकच बाई होती, तिला आपण काढून टाकलं.